चौथा ठोका

रविवार, १७ ऑगस्ट. सकाळी.
गाडी बिघडली. इंजिन तीन ठोके देतं, चौथा गाळतं. माझ्या बायकोचा, एनेसीचा, पाय आखडला तेव्हा शेवटच्या वर्षी ती स्वयंपाकघरात अशीच चालायची. तीन पावलं, मग थांबा. हे उगाच लिहिलं. गाडीचा आणि तिच्या पायाचा काही संबंध नाही.

शनिवारी तिच्या माहेरी, बुहेराला, तिच्या वस्तूंची वाटणी आहे. आमच्यात बायको वारली की तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं माहेरी परत जातं. गाडी तिने नर्सच्या पगारातून घेतली होती. म्हणजे गाडी जाणार. माझी हरकत नाही. चौदा महिने उशीर झाला तो आधी पावसामुळे, मग टायरमुळे, मग माझ्या कंबरेमुळे.

थोरल्या मेहुण्यांचा फोन आला. जावयाने बसायचं तसा मी उकिडवा बसलो, मानाच्या टाळ्या वाजवल्या. फोनवर दिसत नाही, पण त्यांना कळतं. म्हणाले, "जावई, गाडी स्वतःच्या पायांनी अंगणात आली पाहिजे. टोचन करून आणलीस तर तशीच परत पाठवीन. आणि एक ऐक, तिची वस्तू अडवून धरलीस तर ती स्वतः विचारायला येईल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

कोण अडवतंय?

सोमवार, १८.
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ठिणगी देणारी इग्निशन कॉइल गेली असणार. "म्हाताऱ्या, इंजिन चालू ठेव आणि एकेका कॉइलची पिन काढून बघ. जी काढल्यावर फरक पडत नाही, ती मेलेली." मेलेली म्हणायची गरज नव्हती. मी एक मागितली तर म्हणाला चारही ने, एक गेली की बाकीच्या तिच्यामागे जातात. त्याला हे हसत हसत कसं बोलवतं?

मेकॅनिककडे नेणार नाही. तो आधी सीट मागे सरकवेल. एनेसी बुटकी होती, सीट तिच्या मापाची आहे. मी गुडघे हनुवटीला लावून बसतो, काही बिघडत नाही.

स्वतः बसवीन. एकतीस वर्षं चहामळ्यावर ट्रॅक्टर चालवला. इंजिन ते इंजिन. तासाभराचं काम.

संध्याकाळी ५.
डावीकडून तिसरी मेलेली निघाली. ओळख राहावी म्हणून एनेसीच्या विणकामातली लाल लोकर तिला बांधली.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधली जपानी बाई बोलते. जपानहून आलेल्या सगळ्याच गाड्यांत बोलते, काय म्हणते कुणाला ठाऊक नाही. एनेसी तिला उत्तर द्यायची, "हो गं बाई, निघाले." मी देत नाही. मी भीत नाही, पण देत नाही.

मंगळवार, १९.
बॅटरीची तार काढली. दहाचा पाना. बोल्ट चार. रबर चिकटलं होतं, दुसरी कॉइल उपटताना कोपर फुटलं. तीन तास लागले. चारही नव्या बसवल्या. मोजल्या, चारच.

मयताची कुठलीही वस्तू वाटणीआधी टाकायची नाही, म्हणून जुन्या चारही तिच्या डोक्याच्या रुमालात बांधून शेजारी ठेवल्या.

किल्ली फिरवली. बाई बोलली. इंजिन इतकं मऊ चाललं की चालू आहे की बंद, कळेना. अंगणात कुणीच नाही असं वाटलं. कोंबड्यासुद्धा गप्प. बंद केलं.

एकदा उघडून तपासणं बरं. पाना हाताशी होताच. तपासलं.

बुधवार, २०.
गाडी परत तशीच! तीन ठोके, थांबा. ऐकून बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.

मेहुणे म्हणाले होते ती विचारायला येईल. आली असावी. मी इंजिन चालू ठेवून जवळ बसलो आणि तिथेच चहा घेतला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बाबा, पेट्रोल जळतंय." तिला सांगितलं, परीक्षण चालू आहे.

गुरुवार, २१.
परीक्षण. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

मेहुण्यांना फोन करून सांगावं, गाडी येत नाही, दोष माझा नाही, तुमच्या बहिणीचीच इच्छा दिसते. वाक्य पाठ केलं. उकिडवा बसलो. फोन सेकाईने उचलला. एनेसीची धाकटी बहीण, बाजारात अवाकाडो विकते, स्वतःचा पिकअप स्वतः दुरुस्त करते. ताई गेल्यापासून मेहुणीच्या हक्काने मला नवरोबा म्हणते. चारचौघांतही. पाठ केलेलं वाक्य तिलाच म्हणून दाखवलं.

"नवरोबा, उद्या येते. हात लावू नका कशाला."
मी म्हटलं, एकतीस वर्षं ट्रॅक्टर.
"ट्रॅक्टर डिझेलचा होता. डिझेलला कॉइल असते का हो?"
असते. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळणार. पण वाद घातला नाही.

शुक्रवार, २२. दुपारी.
आली. हातही न पुसता बॉनेट उघडलं. पहिली पिन काढली, इंजिन अडखळलं. दुसरी, अडखळलं. तिसरी काढली, काही नाही. इंजिन बंद करून बोल्ट काढला, कॉइल उपसली. तिला लाल लोकर.

लोकर बोटाने चाचपली. मग म्हणाली, "ही कुणी बसवली?"
मी म्हटलं, घरात दुसरं कोण आहे? एनेसीनेच बसवली असणार.
"ताईला उभ्या जन्मात दहाचा पाना सापडला नाही. मेल्यावर सापडला होय?"
हसली. मग नाक पुसलं, गालाला ग्रीस लागलं. नवी कुठे आहे, म्हणाली. मला माहीत नव्हतं. तिने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि काढली. मंगळवारपासून तिथेच होती म्हणे. खिसा जड लागत होता खरा. मला वाटलं, चाव्या असतील.

बसवली. टक् वाजलं. इंजिन मऊ. मी घरात जाऊन मक्याच्या पिठाचा सादझा ढवळत बसलो. सादझा करपला.

"नवरोबा," ती दारातून म्हणाली, "ती लंगडायची ते मलाही ऐकू येतं." आणि हात धुवायला गेली.

शनिवार, २३.
सेकाईने चालवली. बसण्याआधी सीट मागे सरकवली. एकच खटका. मी मागे, अवाकाडोच्या पोत्याशेजारी. जपानी बाई बोलली. मी खिडकीबाहेर पाहिलं. सेकाई म्हणाली, "हो गं बाई, निघालो."

बुहेरापर्यंत एकही ठोका गळला नाही. मी मोजत होतो.

गाडी स्वतःच्या पायांनी अंगणात गेली. बायका ओरडल्या, नाचल्या. मी जमिनीवर, चटईच्या कडेला. वाटणी झाली. भांडी, रुमाल, शिवणयंत्र, गाडी. शेवटी मेहुणे म्हणाले, "जावई, सगळं वेळेत आणलंस." चौदा महिन्यांचं कुणी काढलं नाही. "तुला काही ठेवायचं असेल तर माग."

मी टाळ्या वाजवल्या आणि लाल लोकरवाली कॉइल मागितली. सगळे हसले. सेकाई हसली नाही. तिने आणून दिली.

परत बसने आलो. कॉइल मांडीवर होती. बस डिझेलची. ड्रायव्हरला विचारलं. डिझेलला कॉइल नसते.