बुजवलेल्या खड्ड्याचा विमा

तात्यापारा, रायपूर
मंगळवार, सकाळचा चहा गार झाल्यावर

तीर्थस्वरूप यशवंतराव दादांच्या चरणी नरहरीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींच्या खोकल्याला काढा मानवला का? इकडे मी आणि तुमची बहीण विनोदिनी खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल ती आहे. मी नाही. तुम्ही पत्रात विचारलं होतं, की नागपूरच्या घराला जमीन खचण्याचा विमा उतरवावा का, की ते एजंटचं नुसतं भ्या दाखवणं आहे. दादा, तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमचं अंगण जमिनीत गेलं.

गेलं म्हणजे खरंच गेलं हो! परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो (नव्या राजधानीत किती मजली इमारती उठणार, हीच बातमी होती). समोर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आमचा कूलर घरघरत होता. घरघर थांबली. वाटलं, लाइट गेली. मान वर केली तर कूलरच नाही! स्टँडही नाही! तिथं विहिरीसारखं गोल भगदाड, आणि कडेची माती अजून खाली सुटत होती. सगळी नोकरी रेल्वेत गेली, रुळावरून घसरलेले डबे पाहिले, पण डबा घसरतो तेव्हा खाली जमीन तरी असते. बघता बघता अख्खा पारा (इकडे आळीला पारा म्हणतात) जमला. कोणी म्हणे, खाली जुनी बुजवलेली विहीर असेल. कोणी म्हणे, राजधानी झाल्यापासून जो तो बोअर मारतो, मग जमीन पोकळ होणार नाही तर काय! शेजारच्या साहू भाभींनी हात जोडले आणि मी अडवायच्या आत त्यात नारळ सोडला.

मग मला घराच्या विम्याचा कागद आठवला (बँकेनं कर्जासोबत गळ्यात मारलेला). चष्मा पुसून वाचला. आग, पूर, भूकंप, दंगल, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, जमीन खचणे! मी त्या कागदाला नमस्कार केला. फोन केला तर कंपनीवाले म्हणाले, शनिवारी सर्व्हेअर येतील, तोवर खड्ड्याला हात लावू नका. मी विनोदिनीला एवढंच सांगितलं, की शनिवारी सकाळी कंपनीचे साहेब आपल्या घरी येणार आहेत.

शनिवारी साहेबांसाठी चौकातून गरम समोसे आणायला गेलो. परत येऊन फाटकात पाय टाकला आणि समोशांची पुडी हातातून पडली. अंगण सपाट! खड्डा नाही, भेग नाही, काही नाही. वर शेणाचा सडा, सड्यावर मोराची रांगोळी, आणि मोराच्या शेपटीत विनोदिनी हळद भरत बसलेली. साहू भाभींच्या पडक्या भिंतीचा मलबा आमच्या खड्ड्यात गेला होता.

"हे काय केलंस तू?" मी ओरडलो.

"काहून बोंबलून राहिले? घरी पाहुणा येऊन राहिला अन् दारात असं भगदाड ठेवाचं? मले लाज वाटते."

मी धोतर खोचलं, कुदळ घेतली आणि मोरावर पहिला घाव घातला. कमरेइतका खोल गेलो होतो, तेवढ्यात मागे कंपनीच्या साहेबांची स्कूटर थांबली.

"भैया, आप ये क्या कर रहे हैं?"

घाबरलेला माणूस खरं बोलून जातो. मी म्हणालो, "सर्वे के लिए गड्ढा खोद रहा हूँ."

साहेबांनी विनोदिनीचे पोहे मागून घेऊन खाल्ले, रांगोळीची (उरली होती तेवढीची) तारीफ केली आणि लिहून गेले, की घरमालक स्वतः खड्डा खणताना आढळला. दावा नामंजूर. म्हणून दादा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की विमा अवश्य उतरवा, पण वहिनींना कळू देऊ नका.

मुलांना आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

आपला,
नरहरी

ता. क. खरं सांगायचं ते वर लिहवलं नाही. काल स्वयंपाकघरामागची जमीनही बसली. भिंतीला माझा पंजा जाईल एवढी भेग पडली आहे, आणि विनोदिनी त्याच भिंतीला पाठ लावून पोळ्या लाटते. दादा, मला फार भीती वाटते. घराचं काय व्हायचं ते होवो, पण ती तिथून उठत नाही. कंपनी म्हणते, पुराव्याशिवाय पुन्हा येणार नाही. तुमचा कॅमेरा घेऊन पहिल्या गाडीनं या, फोटो काढा आणि बहिणीला सोबत घेऊन जा. तुमचं ती ऐकेल.

ता. क. येणार असल्याचं मात्र कळवू नका. परक्या साहेबासाठी तिनं मोर काढला होता, माहेरच्या माणसासाठी काय करेल!

ता. क. घात झाला. पाकिटावरचं तुमचं नाव तिनं वाचलं. "दादा येऊन राहिला का?" म्हणाली. मी नाही म्हटलं, पण माझं तोंड तिला पाठ आहे. पदर खोचून ती मागच्या दारी गेली, आणि कुंपणापलीकडून साहू भाभींचा आवाज येतोय, "हव दीदी, अभी बहुत मलबा बचा है!"