ओळीपुढचं नाव

प्रिय शेंडेफळा,

चार महिने तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद.

आज ऑफिसात एक नवं साधन वापरून पाहिलं. तुला ठाऊक आहे, नव्या साधनांवर माझा विश्वास नसतो. त्यांच्याविरुद्ध मी तासभर बोलू शकते. हे तर एवढंसंच होतं. संगणकावरच्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करायची, की प्रोग्रॅमच्या कोडमधली ओळ मुळात कोणी लिहिली ते सांगतं. आपलं जुनं साधन फक्त शेवटचा हात कोणाचा लागला तेवढंच दाखवायचं. परीक्षा घ्यावी म्हणून मी तीच ओळ दिली, आपण रुग्णालयासाठी केलेल्या प्रोग्रॅममधली, रुग्णाच्या औषधाची मात्रा दुप्पट दाखवणारी. एका नर्सच्या वेळेत लक्षात आली म्हणून निभावलं, ती. तुझं नाव येणार हे मी धरूनच चालले होते.

नाव माझं आलं.

तीनदा कमांड दिली. तिन्ही वेळा मीच. मग आठवलं, गेल्या वर्षी सगळ्या फाइलींतल्या समासाच्या मोकळ्या जागा सारख्या कर, असं फर्मान मीच तुला सोडलं होतं. तू इमानेइतबारे एकेक ओळ सरकवलीस, आणि जुन्या साधनानं ती प्रत्येक ओळ तुझ्या नावावर चढवली. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला बोलायची घाई होती.

चार महिन्यांपूर्वी ऑफिसच्या त्या सभेत, मी ती ओळ तुझ्या माथी मारली तेव्हा, तू एवढंच म्हणालास, "ताई, ही ओळ मी लिहिल्याचं आठवत नाही." आणि शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारी तुझी बहीण सगळ्यांदेखत गरजली, की आठवत नाही ही पळपुट्याची सबब आहे, जबाबदारीपुढे मला सख्खा भाऊही परका. टाळ्या पडल्या. संध्याकाळी तू राजीनामा दिलास. आई अजून विचारते, पोरगं घरी का फिरकत नाही. मी म्हणते, कामात असेल.

उद्या अकरा वाजता त्याच सभागृहात मी उभी राहणार आहे. भाषण लिहिलेलं नाही. ती ओळ आणि तिच्यापुढचं नाव, एवढंच वाचेन. पण मला ओळखतोस ना? चूक कबूल करतानाही मी टाळ्या घेऊन येईन, याचीच मला धास्ती वाटते. म्हणून हे पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवते आहे. जन्मात पहिल्यांदा, सभेच्या आधी, एकट्या तुला सांगते: ती ओळ माझी होती.

तुझीच,
ताई