तुझ्या कानावरचा फोड

आई, तुझ्या कानावरच्या फोडाचं रक्त मी पहिल्यांदा पाहिलं ते उशीच्या अभ्र्यावर. नव्वदच्या दशकातला मे महिना, पावणे गावातली आपली खोली, मी बारावीची. तू हळद दाबलीस, पदर कानावरून ओढलास आणि कंपनीत पॅकिंगला निघालीस. "उन्हाचा फोड हाय, सुकंल." तो पावसाळ्यातही सुकला नाही.

तू जन्मतःच भुरी. केस, भुवया, कातडी, सगळं पांढरं. जासईला, तुझ्या माहेरी, लोक त्याला कोड समजायचे आणि तुझ्या हातचं पाणी टाळायचे. तरी लग्नापर्यंत तू बिनबोभाट मिठागरात राबलीस. पुढे मला शाळेत सोडताना छत्री माझ्या डोक्यावर धरायचीस आणि स्वतः उन्हातून चालायचीस. बायका म्हणायच्या, पोर काळी पडेल म्हणून जपते. एकदा मी छत्रीखालून पळाले, तर भर रस्त्यात माझा दंड आवळलास. "उन्हात जाऊ नको म्हनून सांगितलं ना?" मला ओढून पुन्हा छत्रीखाली घेतलंस. एवढ्याशा गोष्टीला आई इतकी का घाबरते, हे मला कळलं नव्हतं.

ते कळलं हॉस्पिटलात. डॉक्टर रिपोर्ट वाचतायत. मी तुझ्याकडे बघत नाही.

"कॅन्सर आहे. कान काढावा लागेल."

तू कानाबद्दल एक शब्द विचारत नाहीस. "डाक्टर, ह्या पोरीला पन होईल का?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. सांगतात, उन्हातले काही किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की त्यातले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात. शरीर तो तुकडा कापून नवा भरतं, पण सगळेच तुकडे दुरुस्त होत नाहीत. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं, वेळ पडली तर मारून टाकणारं एक जनुक असतं. तेच बिघडलं, की पेशी मोकाट वाढते. कातडीचा रंग हे किरण बरेचसे अडवतो. "तुमच्यात तो रंग जन्मापासून नाही. हिच्यात आहे. हिला तुमच्यासारखा धोका नाही."

"नक्की?"

"नक्की."

बाहेर रणरणतं ऊन होतं. तू छत्री उघडलीस, मी सवयीने खाली शिरले, तर तू मला हलकेच बाजूला सारलंस. "तू चल उन्हातून. तुला काय नाय होत." बस स्टॉपपर्यंत तू एकटी सावलीत चाललीस आणि मी शेजारून, उन्हात. तू हसत होतीस. त्या दिवशी, आई, मला तुझा राग आला होता.

कान गेला. मग मानेत गाठ आली. मी बीएस्सी होईपर्यंत तू थांबली नाहीस.

आता मी कॉलेजात हेच शिकवते. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, असं कोणी तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय?" मी म्हणाले, "हो, एक पेशंट होत्या." आणि फळा पुसायला वळले. हे तुला सांगायचं होतं. 'माझी आई' म्हटलं असतं, तर पुढचं वाक्य मला बोलता आलं नसतं.