पिठातलं पाऊल

१२ ऑगस्ट, मंगळवार

पोरगी त्या कोपऱ्यात जात नाही!

अख्ख्या घरभर फिरते. लंगडत, बसत, भिंत धरत — चुलीपाशी जाते, कोंबडीच्या मागे अंगणात जाते. पण मधल्या खोलीत खिडकीखालचा एक कोपरा आहे. तिथवर आली की थबकते आणि लांबून वळसा घालते. कोपऱ्यात काही नाही. सारवलेली जमीन, बस्स.

दिव्यानी. चार वर्षांची होत आली. उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, पायाच्या कडेवर चालते. तान्ही असताना आमच्या संस्थेत आली. दोनदा प्लास्टर सुरू झालं, दोनदा सुटलं — कधी आया नाही, कधी गाडी नाही, कारणांना काय तोटा! एप्रिलमध्ये कमळा आणि देवाजी तिला घेऊन गेले. गोंडपिपरीच्या पुढचं गाव, धानाची थोडी शेती, घरामागे जंगलच. कलेक्टर कचेरीतून दत्तकाचा आदेश निघेपर्यंत दर महिन्याला जाऊन बघायचं, हे माझं काम. पोर खाते का, हसते का, अंगावर वळ नाहीत ना.

या दोघांनी आपण होऊन अपंग मूल मागितलं होतं. फोटो पाहिल्याबरोबर कमळा म्हणाली होती, "हेच." मी अहवालात 'मोठ्या मनाचं जोडपं' असं ठोकून दिलं होतं. आजही वाईट काही दिसलं नाही. केसांना तेल, गालावर तीट, पोटभर वरणभात.

सगळं गाव धानाच्या रोवणीला शेतात गेलेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी कमळाशी बोलत असताना दिव्यानी त्या कोपऱ्याच्या अलीकडे बसली आणि रिकाम्या जमिनीला हळूच म्हणाली, "उठ नं."

कमळा कपात चहा ओतत होती. चहा सांडला.

१३ ऑगस्ट

संस्थेत आया रोज सकाळी 'उठ, उठ' करत रांगेनं पोरं उठवतात. तिथूनच उचललं असणार. इतकं साधं! उगाच रात्रभर डोक्यात घोळवत बसले.

९ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली होती, ती सांगायला गेले. दारातच ऐकलं — कमळा पोरीला हाक मारत होती. "गुलाब! ओ गुलाब! इकडं ये."

मी विचारलं, गुलाब कोण? कमळानं पोरीला अंगणात धाडलं. मग घडाघडा सांगितलं सगळं.

गुलाब ही त्यांची पोटची पोर. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात खाली झोपली होती. मण्यार चावली. मण्यार चावलेली कळतही नाही म्हणतात. सकाळी कमळा उठवायला गेली. "उठ नं, उठ नं म्हणून हालवून राह्यली होती मी. थंडी पडली होती पोट्टी."

एवढ्या लहान पोराचं दिवसकार्य करत नाहीत. कमळानं हट्टानं करायला लावलं. दहाव्याच्या रात्री परातीत पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि वर टोपली झाकली. गेलेला जीव पुढं कशाच्या जन्माला जातो ते पिठात उमटतं, असं मानतात. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्याकडंही केलं होतं. मुंगीची रांग निघाली आणि आत्या म्हणाली, मोर! असो.

कमळानं सकाळी टोपली उचलली तर पिठात पाऊल. लहान पोराचं. आत वळलेलं.

"मंग आमी वाट पाह्यली. फोटो आला तवा मी पायच पाह्यला, बाई. तोंड नाई पाह्यलं."

म्हणजे हे मोठं मन! मला माझ्याच अहवालाची लाज वाटली. मी चिडून म्हटलं, अगं, ही चार वर्षांची होतेय, गुलाब जाऊन दोन वर्षं झाली. ही तिचा जन्म कशी असेल?

ती शांतपणे म्हणाली, "मले हिशोब नोको सांगू. जिचं कोणी नाई, तिच्यात जागा राह्यते."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू!

दवाखान्याला साफ नकार. "पाय सरळ केला तं गुलाब कशी राहीन? त्या पायानं तं आली ते."

देवाजी दारात उभा होता. बाईल बोलली की हा जमीन बघतो. एक शब्द नाही.

१० सप्टेंबर

रंजीता मॅडमना — आमच्या अधीक्षक — सांगितलं. त्या एका वाक्यात मोकळ्या झाल्या, "उपचार नाकारतात तर मूल परत आणा. दिवाळीनंतर बालकल्याण समितीपुढे ठेवू."

चूक नाही त्यांची. डॉक्टर म्हणतात, हाडं कोवळी आहेत तोवर प्लास्टरनं पाऊल वळेल. आणखी वर्ष घालवलं तर मोठी शस्त्रक्रिया, आणि तरी खात्री नाही. पोर जन्मभर पायाच्या कडेवर चालणार का, तर एका परातीतल्या पिठासाठी?

पण परत आणायचं म्हणजे कुठं? तिथंच, रांगेत. तिसऱ्यांदा प्लास्टर सुरू होणार आणि तिसऱ्यांदा सुटणार. कमळाकडे निदान कोणी केसांना तेल लावतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि ते तेल तरी कोणाच्या केसांना लावते कमळा? दिव्यानीच्या की गुलाबच्या? हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

२४ सप्टेंबर

स्वप्नात परात. पुढचं लिहीत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज परीक्षाच घेतली. बिस्किटाचा पुडा नेला होता. कमळा पाण्याला गेली तेव्हा एक बिस्किट त्या कोपऱ्यात ठेवलं. दिव्यानी बिस्किटासाठी जीव टाकते. सरकत सरकत आली — आणि नेमकी त्याच जागी थांबली. हात लांब केला, पुरेना. माझ्याकडे पाहिलं. मग कुजबुजत म्हणाली, "झोपली."

कोण गं?

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मी ते बिस्किट उचलायला गेले. दोन पावलांचं अंतर, पण माझाही पाय उचलेना! बी.ए., एम.एस.डब्ल्यू., वीस वर्षांची नोकरी, आणि चाळिशी ओलांडलेली बाई सारवलेल्या जमिनीला भ्याली. शेवटी कोंबडीनं नेलं ते बिस्किट. कोंबडीला काही झालं नाही.

परतताना गाडीत डोकं ताळ्यावर आलं. कमळा स्वतः त्या कोपऱ्यात पाय ठेवत नाही. पोर आईचं पाहून शिकते. संपलं! आमचा ड्रायव्हर रईस म्हणाला, "मॅडम, आप बोलो ना बोलो, त्या घरात मले पण गरमी होत नाई. बाहेर एवढी ऊन आहे तरी." त्याला म्हटलं, समोर बघून गाडी चालव. वाघाच्या रस्त्यानं चाललोय, ते पुरेसं आहे.

कमळाला शेवटचं सांगून आले — दिवाळीनंतर समिती. मूल परत जाऊ शकतं. तिनं पोरीला इतकं घट्ट धरलं की पोरगी रडायला लागली.

१९ ऑक्टोबर, रविवार

सापडलं!

दारात लक्ष्मीची पावलं काढत होते. दरवर्षीसारखी — तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, करंगळीकडच्या बाजूनं टेकवायची, वर पाच बोटं टिपायची. एक मूठ जरा तिरकी पडली. पाहते तर लहान पोराचं पाऊल. आत वळलेलं.

बसलेच तिथं.

देवाजी! बायको वेडीपिशी झालेली, पोर गेलेली. सकाळी टोपलीखाली काहीच निघालं नाही तर ही जगेल कशी, असं वाटलं असणार त्याला. टोपली वर केली, मूठ टेकवली. अंधारात तिरकी पडली. म्हणून तर बोलत नाही! म्हणून जमीन बघतो!

मीही काही कमी नाही हं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

घरी न जाता आधी शेतावर गेले. धान पिवळं पडलंय. देवाजी बांधावर बसून रानडुकरांनी तुडवलेला तुकडा बघत होता. मी आडपडदा ठेवला नाही. हवेत मूठ टेकवून दाखवली. म्हटलं, "देवाजीभाऊ, ते पाऊल तुम्हीच उमटवलंत ना? असं?"

तो माझ्या मुठीकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. वारा पडला होता. धान हलत नव्हतं. मग त्यानं भलतंच विचारलं, "दवाखान्याची तारीख कवाची आहे, बाई?"

मी म्हटलं, अकरा नोव्हेंबर. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही.

"होय," तो म्हणाला. "मीच. चाला, सांगून टाकू तिले."

वाटेत तो पुढं, मी मागं. मी आपली विजयी! घरात गेल्यावर तो उभ्यानंच म्हणाला, "कमळे, ते पाऊल मी काढलं होतं. गुलाब नाई आली. कोणी नाई आलं."

मला वाटलं, किंचाळेल. अंगावर जाईल. नाही. तिनं फक्त विचारलं, "कोणत्या हातानं?"

त्यानं उजवा हात पुढे केला. तिनं तो नीट पाहिला. मग म्हणाली, "मंग त्या हातानं मले पाणी नोको देऊ. मरून राह्यली असन तरी नोको देऊ."

पोरगी कोपऱ्याजवळ बसली होती. आमच्याकडे नव्हे, कोपऱ्याकडे बघत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आले! तिघंही. पहिलं प्लास्टर झालं. पोर भोकाड पसरून रडली. मला तेव्हा कोण आनंद झाला, सांगू कोणाला!

नर्सनं नाव विचारलं. कमळानं आधी पोरीच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिव्यानी." पहिल्यांदा ऐकलं तिच्या तोंडून. आणि उरलेला वेळ ती त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसली, कोण आलंय घरी ते आत्ता पाहत असल्यासारखी.

देवाजीनं नळावरून पाणी आणलं. तिच्यासमोर ग्लास धरला नाही. बाकावर ठेवला आणि लांब जाऊन बसला. तिनं घेतला नाही. शेवटी तेच पाणी पोरीनं प्यायलं.

२ डिसेंबर

चौथं प्लास्टर. एकही वेळ चुकवलेली नाही. चुकवणारे आम्हीच होतो.

२३ डिसेंबर

टाचेची शीर मोकळी करायचं छोटं ऑपरेशन झालं. पाऊल सरळ! डॉक्टर खूष. रंजीता मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. 'ग्रामीण अंधश्रद्धा कशी हाताळावी' यावर पुढच्या प्रशिक्षणात बोला म्हणाल्या. बोलेन की!

२० जानेवारी, मंगळवार

मागच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. आता खास बूट, आणि झोपताना मध्ये पट्टी. घरी जाऊन पाहायचं होतं, बूट नीट घालतात का.

घालतात. दिव्यानी अंगणातून चालत आली. तळपाय टेकवून! कमळा मागे हात पसरून, पडली तर धरायला. मला रडू आलं, लपवलं नाही.

पोरगी घरात आली, मधल्या खोलीत गेली आणि सरळ चालत त्या कोपऱ्यात गेली. थांबली नाही, वळसा नाही. तिथं वाकली, रिकाम्या जमिनीवर हात फिरवला आणि आमच्याकडे वळून हसली.

"उठली."

मी म्हटलं, कोण उठली गं?

तिनं दाराकडे बोट केलं. दार उघडंच होतं. पलीकडे अंगण, आणि मग सागाची झाडं. पानं गळाली आहेत सगळी, आतपर्यंत दिसतं. काही नव्हतं.

कमळानं पदर तोंडात कोंबला. देवाजी मात्र उंबऱ्याकडे वळला आणि बाजूला सरकला. कोणाला वाट द्यावी तसा. मी ते पाहिलं. तेव्हा काही वाटलं नाही.

गाडीत बसल्यावर वाटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दत्तकाचा आदेश निघाला. देवाजी एकटाच घ्यायला आला. कागद घडी करून खिशात ठेवला, आणि जाता जाता दाराशी थांबला. "एक सांगाचं होतं, बाई. त्या रात्री मी पिठाले हात नव्हता लावला."

मला कळेना. मग होय का म्हणालात?

"तुमीच म्हणल्या ना, मूठ टेकवली म्हणून. तेवढी एक वाट दिसली मले. एका पोट्टीचा पाय सरळ कराले दुसरीले खोटी म्हणा लागलं. कमळाले नोको सांगजा." कमळा अजून त्याच्या हातचं पाणी घेत नाही. मी विचारलं होतं.

तो चारच्या गाडीनं गेला.

कणीक मळायची आहे. अजून पिठाच्या डब्याचं झाकण उघडलेलं नाही.