आठ पटाश्या, आठ मुठी

४ जानेवारी, मंगळवार

दादा सकाळी येऊन गेला. जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या आठ पटाश्या, कोरीवकामाच्या. नुसती पाती, मुठी काढून टाकलेल्या. म्हणाला, "नव्या बसव. पण एकीसारखी दुसरी नको."

तीस वर्षं मी लेथवर बसतेय – खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, आणि दादाच्या मुठी. हा माणूस कायम एकसारख्याच मागत आला. केसभर जाड झाली तरी परत पाठवायचा.

"आजच काय झालं?" विचारलं.

"लहर आली," म्हणाला. चहा न घेता गेला. दादा, आणि चहा न घेता!

५ जानेवारी

मोडक्या टेबलाचे पाय चिरले. लाकूड छान मुरलेलं. पहिली मूठ गोल, दुसरी अष्टकोनी. आधी भोक – तोंडाशी रुंद, आत निमुळतं, मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या शेपटासारखंच. मग पितळी कडं, म्हणजे पातं ठोकताना लाकूड फाटत नाही. तरी दुसरी फाटलीच. घाई नडली, दुसरं काय.

७ जानेवारी

भांडी विसळताना एकदम डोक्यात आलं. डोळे! दादाची नजर चाललीय. कुठली पटाशी कुठली, ते हाताला कळावं म्हणून मुठी वेगळ्या. मागच्या महिन्यात आमच्या पायरीवर अडखळला, तेव्हा मी हसले होते. आता लाज वाटली.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "वहिनींना ठाऊक आहे का?"

नसणार. असतं तर मला फोन केल्यावाचून तिला राहवलं असतं का?

८ जानेवारी

वहिनीचा फोन. उचलला नाही. मला खोटं बोलताना खोकला येतो.

१० जानेवारी, सोमवार

आज फार बरा दिवस. डोळे मिटून एकेक मूठ धरून पाहत होते. गोल पात्याची पटाशी हातात आली, पण तिचा खोलगट भाग वर की खाली, काही कळेना. मग सुचलं – प्रत्येक मुठीची वरची बाजू चपटी करायची, अंगठ्याएवढी. अंगठा तिथे टेकला की पातं कसं आहे ते न बघता कळतं. शिवाय चपट्या बाजूमुळे पटाशी बाकावरून घरंगळत नाही.

हे दारात उभे. "काय गं, मशीनसमोर बसल्या बसल्या झोपलीस?"

"काम करतेय."

"असलं काम मलाही जमेल," म्हणाले, आणि खरंच शेजारी स्टूल ओढून डोळे मिटून बसले. दोघांनी मिळून सहा मुठी ओळखल्या. ह्यांनी त्यातल्या दोन चुकीच्या.

११ जानेवारी

दादा बघायला आला. सहाही मुठी जाड वाटल्या त्याला.

"तुझ्या हातात बसतील अशा कर."

"अरे, तुझा पंजा माझ्या दुप्पट आहे."

"सांगतो तेवढं कर ना."

वाद घातला नाही. नजर गेली की माणूस हलक्या हाताने धरत असेल, असं मनाशी म्हटलं. पुन्हा लेथ सुरू. तासायला मजा आली, हेही खरं.

१४ जानेवारी

आठवी बसली. पातं मुठीच्या अगदी सरळ रेषेत – तीनदा काढून पुन्हा ठोकलं, तेव्हा. जवसाचं तेल लावून ओळीने वाळत ठेवल्यात. येता-जाता हात लावतेय. इतक्या वर्षांत एवढं मन लावून मी काही केलं नव्हतं. दादाला उद्या स्पष्ट सांगायचं – मला कळलंय, आणि वहिनीपासून लपवू नकोस.

१५ जानेवारी

पोचवायला गेले. दादा खिडकीशी बसून वहिनीच्या डोळ्यांच्या औषधावरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवत होता. चष्म्याशिवाय. त्याच्या बाकावर वहिनी. पुढ्यात फळी, फळीवर अर्धं कोरलेलं पान, आणि तिचा अंगठा पानाच्या कडेवरून हळूहळू फिरत होता.

"शिवण दिसेनाशी झाली तेव्हापासून शिकतेय," दादा म्हणाला. "नीट जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी हिची अट."

मी टॉवेलची गुंडाळी वहिनीच्या पुढ्यात ठेवली. वहिनीने टॉवेल उलगडला, एकेक मूठ मुठीत घेतली. सहावीवर थांबली.

"वन्सं, हिची अंगठ्याची बाजू पुरती चपटी नाही झाली," म्हणाली. "परत करून द्या."