भांडण विसरलेला वादी

प्रिय ठोंब्या,

दोन पोरांच्या बापाला या नावानं हाक मारू नये, कळतं मला. पण कोर्टाच्या कागदांवर तू आणि काका, बापलेक दोघंही 'प्रतिवादी' आहात, मी वादीची मुलगी. त्या नावांनी पत्र लिहायचं तर हातच चालत नाही.

गेल्या तारखेला तू नव्हतास. काकांनी घरी किती सांगितलं असेल, देव जाणे. अप्पांना आता काही उमगत नाही, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. तरी न्यायाधीशांना स्वतः बघायचं होतं. ज्या माणसाला घरातलं न्हाणीघर सापडत नाही, त्याला मी जिने चढवून नेलं आणि सकाळभर बाकावर बसवून ठेवलं. माझी चिडचिड होत होती, ते मात्र येणाऱ्याजाणाऱ्या वकिलांना हसून नमस्कार करत होते.

मग त्यांना काका दिसले. मी धरेपर्यंत ते काकांशेजारी जाऊन बसलेसुद्धा. रंधा मशीनचा पट्टा बदललास का, आज लाकूड यायचंय, असं विचारू लागले. ज्या कारखान्यावरून हा दावा, त्याला कुलूप लागून वर्षं झाली. काका हळूच म्हणाले, "बदलला, दादा. चालू आहे मशीन."

आत न्यायाधीशांनी अप्पांना विचारलं, तुमची तक्रार कोणाविरुद्ध आहे? अप्पा काकांकडे बोट दाखवून म्हणाले, "तक्रार कसली? भाऊ आहे तो माझा."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय! दावा आहे तिथं थांबवला. अप्पांना स्वतःचं हित कळत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं उभं राहायला कोर्ट माणूस नेमेल, तोवर पुढे काही नाही. मी आमच्या वकिलांना म्हटलं, अहो, त्यांना तक्रारच नाही, मागे घ्या की दावा. तर म्हणाले, आता त्यांचं म्हणणं धरता येत नाही. डोकंच फिरलं माझं. सख्ख्या भावावर दात धरून बसले होते तेव्हा शहाणे, आणि राग गेला तर वेडे! नियम त्यांच्याच रक्षणासाठी आहे, तेही मला पटतं. उद्या कोणीही त्यांचा अंगठा उठवून नेईल. पण पटलं म्हणून चडफड थांबत नाही.

त्यांच्या वतीनं मीच उभी राहीन, तसा अर्ज दिलाय. नेमणूक झाली की तडजोडीसाठी कोर्टाची परवानगी मागणार आहे. ती कधी मिळेल, मिळेल की नाही, कोणी सांगत नाही. आणि अप्पा तर रोज थोडे थोडे विझतायत.

काकांना त्यांच्या वकिलांनी आमच्याकडे यायला मना केलंय, असं ऐकलं. इकडे अप्पा त्या दिवसापासून दुपारी दाराशी खुर्ची ओढून बसतात. काल मला म्हणाले, "तो येत का नाही? आमचं काही भांडण झालंय का?" मी म्हटलं, नाही हो अप्पा, कामात असतील. एवढं बोलून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले. दावा थांबलाय तोवर एकदा काकांना घेऊन ये, ठोंब्या. सही नको, वकील नको, कारखान्याचा विषयही नको. नुसते शेजारी बसू देत.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई