जागा आहे तशी ठेवावी

ता. १४ जानेवारी १९७०, संक्रांत

डॉक्टरसाहेब, माफी असावी. वही आपण दिवाळीच्या आधी दिलीत, काशीचे रोज लिहून ठेवा म्हणालात, आणि मी आज सुरुवात करतो आहे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तेही साठएक वर्षांपूर्वी. लिहायला बसलो की हाताला घाम येतो. चुकीचे लिहिले तर मुलाचे औषध चुकेल अशी भीती वाटते.

झोप : चार तास. जेवण : दोन भाकऱ्या, मासे नको म्हणाला. गोळ्या : दोन्ही, गिळताना पाहिले.

तो ज्याच्याशी बोलतो आणि जो आपल्याला दिसत नाही, त्याला तो मुकादम म्हणतो. पुढे नुसते मु. लिहीन. आज मु. सकाळी आला, दुपारी गेला. तिळगूळ दिला तर काशी म्हणतो, "मुकादमाला पण दे." दिला. काय करणार.

ता. ३ फेब्रुवारी

दवाखान्यात वही दाखवली. मोघे डॉक्टर वाचून हसले. "काका, यात काशिनाथपेक्षा तुमच्याच काळज्या जास्त आहेत." मी वही मागे घेऊ लागलो तर म्हणाले, "असू द्या. तेही लिहा. पण ते मला दाखवायची गरज नाही."

निघताना दुसरी गोष्ट निघाली. मनोविकाराच्या डॉक्टरांची एक संघटना आहे, मोघे साहेब तिचे चिटणीस. बरे झालेले पण घरी ठेवून घ्यायला कोणी नाही अशा माणसांसाठी एक निवास काढायचा, असे त्यांच्यात दोन वर्षे चालले आहे. जागेपाशी अडते. मी म्हणालो, जागा माझ्याकडे आहे. आमच्या डोंगरी गावातले खाडीकडचे शेत. अट एकच, काशीला तिथे कायमची खाट.

तोंडातून निघून गेले.  पण दुसरे काय? मी अडुसष्ट. काशी छत्तीस. त्याची बायको माहेरी गेली ती गेली. यमुनेला उत्तनला दिली, तिच्या सासूने तोंडावर सांगितले, भाऊ इथे नको. मुलगी रडली. मग माझ्यानंतर...

मु. आज नाही.

ता. २८ मार्च

पत्र आले. इंग्रजीत टाइप केलेले, खाली मोघे साहेबांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिले आहे. कार्यकारिणीने जागा तत्त्वतः मान्य केली. उपसमिती नेमली. उपसमितीची पाहणी होईपर्यंत जागा आहे तशी ठेवावी, कोणतेही मातीकाम अथवा लागवड करू नये.

चार वेळा वाचले. देवापुढे ठेवले. मान्य झाले! काशीला सांगितले. तो म्हणाला, "खाट खिडकीपाशी पाहिजे." हे अगदी शहाण्यासारखे बोलला. मी बाहेर जाऊन तोंड धुतले.

ता. ६ एप्रिल

शिमगा झाला, सगळे बांधावर उतरले. आमचा बांध खाडीच्या तोंडाशी. दर वर्षी चिखल घालून भरावा लागतो, नाहीतर उधाणाला खारे पाणी आत येते, आणि एकदा आले की तीन वर्षे भात नाही. मी या वर्षी भरला नाही. मातीकाम करू नये असे लिहिले आहे.

पास्कू आला. त्याचे शेत माझ्या शेताला आतल्या बाजूने लागून, माझा बांध म्हणजे त्याचाही बांध. लहानपणापासूनचा सोबती. पत्र दाखवले. त्याने ते उलटेसुलटे केले.

"धर्मादादा, दर्याला वाचता येतं काय?"

"पाहणीला आले आणि माती हललेली दिसली तर?"

"तर काय, फाशी देतील? तुला न्हाय करायचा तर मी करतो. तू घरात बस, बघू नको."

मी फावड्यापुढे उभा राहिलो. खरेच उभा राहिलो. म्हणालो, माझ्या पोराचा प्रश्न आहे, पास्कू, माती हलवू नको. त्याने फावडा खाली टेकवला. "पोराला डॉक्टरकडे दाखवतोस ना? एकदा तुझं बी डोकं दाखव." फावडा खांद्यावर टाकून गेला.

झोप (माझी) : दोन तास.

ता. १७ मे

संघटनेची वार्षिक सभा मुंबईत. मोघे साहेबांनी बोलावले होते, कुणी विचारले तर जागा दाखवायला. यमुनेला एक दिवस काशीजवळ बसवले आणि गेलो. धुतलेले धोतर, जागेचा सातबारा, पत्र.

मोठा हॉल, पंखे. खुर्च्या पुष्कळ, डॉक्टर थोडे. सगळे इंग्रजीत. नंतर बसथांब्यापर्यंत मोघे साहेबांनी मला अर्थ सांगितला तो असा. आधी कोरम नव्हता. म्हणून सभा अर्धा तास तहकूब. सगळे चहा पिऊन परत आले, तेवढेच. पण अर्ध्या तासानंतर तेवढ्यांनाच कोरम मानता येतो, असा नियम आहे. मग मागच्या इतिवृत्तातला एक शब्द काढावा की ठेवावा यावर तासभर. मग पुढचे अधिवेशन थंड हवेच्या ठिकाणी की आणखी कुठे, यावर भांडण. दोन वयस्क डॉक्टर उभे राहून एकमेकांकडे बोट दाखवत होते. काशी असे करतो तेव्हा मी त्याला पाणी देतो.

आमचा विषय नववा. वेळेअभावी पुढे ढकलला.

सभेत माझ्याशी एकच जण बोलला. "ही खुर्ची रिकामी आहे का?"

मोघे साहेब थकलेले दिसले. म्हणाले, "काका, पाहणी मी पावसाच्या आधी लावतो." माझ्या तोंडावर आले होते की बांध उघडा आहे, विचारा ना तेवढे भरू का. विचारले नाही. इतका त्रास घेतात, आणखी एक कटकट कशाला.

हे का विचारले नाही.

ता. १० जून

पाहणी नाही. सगळ्यांची पेरणी, माझे शेत उघडे. एस.टी. थांब्यावर लोक विचारतात, "काय धर्मादादा, दवाखाना कधी?" आता मी पुढे चौक गावच्या वळणावर जाऊन एस.टी. धरतो.

मु. रोज. काशी दोन गोळ्यांतली एक जिभेखाली ठेवतो, आज सापडली.

ता. ४ ऑगस्ट

अवसेनंतरचे उधाण. दुपारी पाणी चढले आणि बांध फुटला. आधी बैलगाडीच्या चाकाएवढे भोक, मग दोन माणसे झोपतील एवढे. मी काठावर उभा होतो. पास्कूचे भात गुडघ्याएवढे झाले होते, हिरवेगार. त्याच्यावरून पाणी गेले. पास्कू, त्याची बायको, दोन्ही मुली, सगळे धावले. गवताचे भारे टाकले, वाहून गेले.

पास्कूने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे.

घरी आल्यावर पत्र काढून वाचले. तेच लिहिले आहे.

ता. ५ ऑगस्ट

काशी विचारतो, "बाबा, दर्या आत कुणी सोडला?" मी म्हणालो, मी.

ता. १२ नोव्हेंबर

लोकांच्या भाताच्या झोडण्या चालू. आमच्या दोघांच्या शेतात खेकडे. पास्कू चर्चहून येताना समोर आला, मान वळवून गेला.

खोकल्यात तांबडे पडले, रक्त. यमुनेला सांगितलेले नाही. संघटनेला तीन पत्रे घातली, उत्तर नाही. मोघे साहेब दवाखान्यात म्हणाले, उपसमितीच्या तिघांना एक दिवस जमत नाही. "मी रोज फोन करतो हो काका." त्यांच्या डोळ्यांखाली काळे पडले आहे.

ता. १९ जानेवारी १९७१

संघटनेची निवडणूक झाली. मोघे साहेब पडले. त्यातच त्यांची बदली नागपूरला. आज शेवटची भेट. काशीचे कागद नव्या डॉक्टरांकडे दिले. मला म्हणाले, "जागेचं काम अडणार नाही. संघटना माणसावर चालत नाही, काका, घटनेवर चालते." मग स्वतःच खिडकीबाहेर बघत बसले.

नागपूरचा पत्ता या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. काशीने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "मुकादमाचा पण नमस्कार घ्या." साहेबांनी दोन्हीकडे हात जोडले.

ता. १४ मार्च

पाहणी झाली. एक वर्षाने.

मोटारीतून तिघे आले. नवी उपसमिती. बोलायला सभ्य. बूट चिखलात रुतले म्हणून बांधावरच थांबले. जमीन सुकली की वर पांढरे दिसते, तसे दिसत होते. एकाने विचारले, "हे मिठागर आहे का?"

"नाही साहेब, शेत होतं."

"मग असं कसं झालं?"

मी पत्र काढले. घड्यांवर फाटले आहे, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. अध्यक्षांनी चष्मा लावून वाचले. मागे वळून दुसऱ्यांना काही सांगितले. मग मला म्हणाले, "आजोबा, हे जुन्या उपसमितीचं पत्र आहे. ती विसर्जित झाली. आमच्या दप्तरात असं काही नाही."

"पण सही आहे."

"सही आहे. पण बांध बांधू नका, असं यात कुठे म्हटलंय?"

मी म्हणालो, मातीकाम. ते म्हणाले, "अहो, मातीकाम म्हणजे पाया वगैरे." आणि हसले, वाईट नव्हे, जसे लहान मुलाला हसतात.

काशी पाण्याचे पेले घेऊन, हवेत कान देऊन उभा होता. एकाने त्याला विचारले, "काय, काही ऐकू येतं का?" काशी म्हणाला, "आता तुम्हीच बोलताय." तिघेही हसले. मलाही हसू आले, खोटे कशाला सांगू. तेवढेच बरे झाले आजच्या दिवसात. मी सांगितले, हाच तो. खाट याच्यासाठी. तेव्हा ते हसायचे थांबले. मोटार गेली तेव्हा काशी पेले गोळा करत होता. एकाने पाणी प्यायले नव्हते, ते त्याने दर्याच्या बाजूला ओतले.

ता. २० एप्रिल

पत्र. पोस्टमास्तरांनी वाचून अर्थ सांगितला. जमीन खारट व दलदलीची, मानवी निवासास अयोग्य. जागेचा प्रस्ताव रद्द. जागामालकांच्या सहकार्याबद्दल आभार. निवासाच्या एकूण विषयाचा फेरविचार पुढील वार्षिक सभेत.

पोस्टमास्तर म्हणाले, "आभार तरी मानलेत."

काही लिहिण्यासारखे नाही.

ता. २ मे

यमुना आली. तिने माझ्या उपरण्याला लागलेले पाहिले, खोकल्याचे, तांबडे.  म्हणाली, "बाबा, मी पुन्हा सासूला विचारते." मी म्हणालो, नको. तिथे त्याला गोठ्यात ठेवतील, आणि तुला रोज ऐकावे लागेल. ती नाही म्हणाली नाही.

आज पहिल्यांदा मनात आले की काशी माझ्या आधी गेला तर. लिहिले. खोडत नाही.

ता. १६ मे

मोघे साहेब, ही वही आता तुम्हालाच पाठवतो आहे, काळज्यांसकट. नव्या डॉक्टरांकडे गर्दी असते, ते वही बघत नाहीत.

सकाळी उठलो तर काशी घरात नाही. धावत खाडीवर गेलो, वाटले संपले सगळे. तो फुटलेल्या बांधात कमरेएवढ्या चिखलात उभा. दोन्ही हातांनी चिखल उचलून वर टाकत होता. अंगावर एक कोरडी जागा नाही. मी ओरडलो, काशी, कोण सांगतंय तुला? तो म्हणाला, "मुकादम सांगतो. माती टाक, मे निम्मा गेला."

मे निम्मा गेला हे खरे आहे.

त्याने अकरापर्यंत काम केले. टाकलेली निम्मी माती पुन्हा खाली घसरत होती. पलीकडे पास्कू येऊन बसला होता, विडी ओढत. वर्षभर बोललेला नाही. काशीकडे बघून म्हणाला, "वरून न्हाय रे पोरा. तळापासून टाक." काशीने हवेत कान दिला, जसा मु.चे ऐकताना देतो, आणि तळापासून टाकू लागला. पास्कू उठून गेला. परत येईल की नाही माहीत नाही. फावडा तिथे ठेवून गेला आहे.

घरी आल्यावर काशी तीन भाकऱ्या जेवला आणि दुपारभर झोपला. तशी झोप मी दोन वर्षांत पाहिली नाही.

आता अडचण अशी. गोळीने मु. जातो. रात्रीची गोळी माझ्या मुठीत आहे. दिली तर उद्या तो बांधावर जाईल का? न दिली तर परवा मु. दुसरे काय सांगेल? पुढचे उधाण अवसेला, आठ दिवसांवर. माझ्याच्याने फावडा उचलत नाही.

वहीत एका बाजूला सुधारणा आणि एका बाजूला दुखणे असे तुम्ही आखून दिले होते. आजचे कोणत्या बाजूला लिहू? दोन ओळींचे कार्ड पुरे. साहेब, संघटनेला विचारू नका, तुम्हाला वाटते तेच लिहा. अवसेच्या आत कळवा.